हसायचं कुणावर? सत्यशोधक जलशापासून भीमनगर मोहल्ल्यापर्यंत

मागच्या वर्षीच्या जयंतीची गोष्ट. शहापूर तालुक्यातल्या एका गावात, बौद्धवाड्यात सांस्कृतिक कार्यक्रम होता. पोरांनी पंधरा दिवस मेहनत घेतली होती. समूहगीत झाले, लहान मुलींची भाषणे झाली, मग दोन पोरे विनोदी नकला करायला उभी राहिली. एकाने डोक्याला फडके गुंडाळले, हातात रिकामी बाटली धरली आणि कातकऱ्याचे सोंग काढले. झोकांड्या खाणारा, उंदीर पकडणारा, पैसे मोजता न येणारा. मंडप खदाखदा हसला. खोटे कशाला बोला, आमच्यातलेही काही जण हसले. मग मंडपाच्या कडेला लक्ष गेले. वीटभट्टीवरून आलेल्या तीन-चार कातकरी बाया पोरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. जेवणाला आपणच त्यांना बोलावले होते. त्या हसत नव्हत्या. रागावलेल्याही दिसत नव्हत्या. हे सगळे सवयीचे असावे तशा उभ्या होत्या.

ती सवय आम्हांला ओळखीची वाटली आणि लाज वाटली. कारण आपल्या आजा-पणजांनीही गावाच्या जत्रेत, मंडपाच्या कडेला उभे राहून स्वतःचे सोंग असेच पाहिलेले आहे. बाबासाहेबांच्या जयंतीला, बाबासाहेबांच्या फोटोसमोर, आपण तेच सोंग दुसऱ्याच्या नावाने काढतो, तेव्हा आपण आपलाच इतिहास विसरलेलो असतो. तो इतिहास साधा नाही. ज्यांच्यावर हसले जात होते त्यांनी हसण्याची दिशा कशी फिरवली, त्याचा तो इतिहास आहे. आजचा लेख त्यासाठी.

आपल्यावर हसणारा महाराष्ट्र

तमाशा ही महाराष्ट्राची लोककला म्हणून सगळेच गौरवाने सांगतात. पण फडात नाचत कोण होते, ढोलकी कोण वाजवत होते, सोंगाड्या कोण होत होते? प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी. आणि समोर बसून पैसे फेकणारे कोण होते? गावचा पाटील, सावकार, इनामदार. कला आपली, घाम आपला, पण हसे कुणाचे व्हायचे हे पैसा देणारा ठरवत होता. पोटासाठी सोंगाड्याला स्वतःच्या जातीचे, स्वतःच्या भाषेचे, स्वतःच्या गरिबीचे हसे करून दाखवावे लागत होते. सोंगाड्या कितीही हुशार असला, त्याने पाटलाला कितीही चिमटे काढले, तरी सकाळी फड उठला की तो पुन्हा गावकुसाबाहेरच.

मुरबाडच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. पौष पौर्णिमेची म्हसा यात्रा आपल्याकडची मोठी यात्रा. बैलबाजार, घोंगड्या, मिठाई आणि तमाशाचे तंबू. ज्यांच्या वाडवडिलांनी तो तमाशा पाहिला त्यांना विचारा, विनोद कुणावर होता.

पुढे नाटक आले, सिनेमा आला, टीव्ही आला. पण घरगड्याची भाषा, मोलकरणीचे नाव, 'गावंढळ' उच्चार हाच विनोदाचा कच्चा माल राहिला. आज मोबाईलवर आरक्षणावरचे 'जोक' फिरतात. ते पाठवणारा म्हणतो, "अरे, गंमत आहे, मनावर कशाला घेतोस?" समाजशास्त्र शिकताना आम्ही पूर्वग्रह म्हणजे काय याच्या व्याख्या पाठ केल्या. पण पूर्वग्रह टिकतो कशावर, हे या एका वाक्यात कळते. शिवी दिली तर कायदा आहे. 'गंमत' केली तर तक्रार करणाराच चिडका ठरतो. विनोद हे जातीचे सर्वात स्वस्त आणि सर्वात सुरक्षित हत्यार आहे. म्हणून ते हत्यार हिसकावून घेणाऱ्यांचे मोल मोठे.

फुल्यांचा विदूषक

पहिला हात घातला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला जोशी ग्रहदशेची भीती घालून कसे लुबाडतो, त्याची ही गोष्ट. या नाटकात एक विदूषक आहे. तो गोष्टीत फारसे काही करत नाही, पण प्रत्येक प्रसंगानंतर बोलतो आणि जोशीबुवांचे बिंग फोडतो.

यातली गोम लक्षात घ्या. संस्कृत नाटकातला विदूषक परंपरेने ब्राह्मण असतो, खादाड आणि राजाचा मित्र. त्याचा विनोद राजवाड्यात चालतो आणि राजवाड्याला सोयीचा असतो. जोतीरावांनी तोच विदूषक उचलला आणि त्याला कुणब्याच्या बाजूने उभा केला. आता तो पुरोहितावर हसतो. पात्र तेच, दिशा उलटी. हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. छापील स्वरूपात ते लोकांपुढे यायला १९७९ साल उजाडावे लागले. म्हणजे सव्वाशे वर्षे हा विदूषक कोंडून ठेवला गेला. गंभीर निबंध नाकारला जातो तसाच विनोदही नाकारला जातो, आणि तो का नाकारला गेला हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही.

दोन घाट

नाटक कोंडले गेले, पण विचार कोंडला गेला नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढच्या काळात गावोगाव सत्यशोधकी जलसे उभे राहिले. हे जलसे आले कुठून? मुरबाडहून टोकावड्याच्या पुढे माळशेज घाट चढा. घाट संपला की जुन्नर तालुका, आणि पुढे ओतूर. याच ओतूरच्या भीमराव महामुनींचे नाव सत्यशोधकी जलशाच्या आद्य प्रवर्तकांत घेतले जाते. आपल्या घाटमाथ्यापासून हाकेच्या अंतरावरचे हे गाव.

आता दुसरा घाट. शहापूरहून खर्डी, कसारा करत घाट चढा. इगतपुरी आणि पुढे नाशिक. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो हाच जिल्हा. दादासाहेब गायकवाडांचा जिल्हा. आणि याच जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस आंबेडकरी जलसा उभा केला. पुढे आपल्या घराघरात ज्यांची गाणी पोहोचली ते वामनदादा कर्डकही याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे.

म्हणजे शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके ज्या दोन घाटांच्या पायथ्याशी आहेत, त्यातला एक घाट सत्यशोधकी जलशाकडे जातो आणि दुसरा आंबेडकरी जलशाकडे. आपण मात्र दोन्ही घाटांवर पावसाळ्यात धबधबे बघायला जातो. आपल्या पोरांना मुंबईच्या स्टँडअप कॉमेडियनची नावे पाठ आहेत. भीमराव महामुनी आणि भीमराव कर्डक ही नावे विचारली तर दहातले किती जण सांगतील? दोष पोरांचा नाही. सांगायचे काम आपले होते.

जलशाने काय केले?

जलशाने तमाशाचा साचा ठेवला आणि आतला माल बदलला. ढोलकी राहिली, तुणतुणे राहिले, सवाल-जवाब राहिले, सोंगाड्या राहिला. गण राहिला, पण त्यातला देव बदलला. गवळणीतला शृंगार गेला. वगात राजा-राणी होते, तिथे सावकार, भट, तलाठी, शाळा आणि गावचा पाणवठा आला. दोन पात्रे समोरासमोर उभी राहायची. एक जुन्या वळणाचा, रूढी धरून बसलेला. तो भाबडे प्रश्न विचारायचा. दुसरा शिकलेला, सभेला जाऊन आलेला. तो उत्तर द्यायचा. हसू यायचे ते पहिल्याच्या प्रश्नांवर, आणि हसता हसता बघणाऱ्याच्या लक्षात यायचे की हा तर मीच!

मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, वतनाच्या तुकड्यासाठी गुलामी करू नका, दारू सोडा, पोरांना शाळेत घाला, पोरींनाही घाला. ही यादी व्यासपीठावरून वाचली तर उपदेश वाटतो. उपदेशाला माणूस मान डोलावतो आणि घरी जातो. तीच गोष्ट सोंगाड्याच्या तोंडून आली की माणूस आधी हसतो. आणि हसला म्हणजे त्याने आतून मान्य केलेले असते. आपल्या दहा सभांइतके काम कर्डक मंडळींचा एक जलसा करतो, अशा आशयाचे बाबासाहेब बोलल्याचे चळवळीत सांगितले जाते, ते उगाच नाही. जलसे करणारे कोण होते? दिवसभर गिरणीत, रेल्वेत, गोदीत राबणारी माणसे. रात्री चाळीच्या चौकात उभी राहायची. त्यांना मानधन नव्हते, कंत्राट नव्हते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आंबेडकरी जलसा स्वतःच्या माणसांवरही हसत होता. पण ते हसणे आणि पाटलाचे हसणे यात फरक आहे. पाटील हसत होता तो, हा असाच आहे आणि असाच राहणार, म्हणून. जलसा हसत होता तो, तू असा नाहीस, तुला असा केला गेला आहे, उठ, म्हणून. पाटलाच्या हसण्याने माणूस खाली बसतो. जलशाच्या हसण्याने उभा राहतो. विनोद पारखायची आमच्या मते हीच कसोटी.

दुसरी गोष्ट स्वाभिमानाची. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळाचे उत्पन्न चळवळीला देऊ केले, आणि पवळाबाईसारख्या आपल्या समाजातल्या कलावंतिणीला नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, असे सांगितले जाते. चळवळीला तेव्हा पैशाची निकड होती. तरीही पैसा कुणाच्या अपमानातून आला, हे पाहिले गेले. त्या भूमिकेतूनच जलशाने बाईला फडातल्या नाचातून बाहेर काढले.

पण आपण आंबेडकरवादी असू तर आपल्या चळवळीलाही प्रश्न विचारला पाहिजे. जलशाने बाईचा अपमान थांबवला, पण बहुतेक ठिकाणी बाईला रंगमंचावरूनही घालवले. स्त्रीपात्र पुरुष करू लागले. जिची अब्रू वाचवली तिचा आवाज मात्र मागे राहिला. तो आवाज परत यायला खूप वर्षे गेली. आज कडुबाई खरात एकतारीवर गातात आणि शीतल साठे डफावर उभ्या राहतात, तेव्हा जलशाचे हे राहिलेले काम पुढे सरकते.

पुढे १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले आणि तमाशाला लोकनाट्याचे रूप दिले. तिथेही सोंगाड्या होताच, फक्त आता तो गिरणीमालकाला आणि शेठजीला प्रश्न विचारत होता. वाटेगावच्या मांगवाड्यातून आलेल्या माणसाने मुंबईच्या मैदानांवर हजारोंना हसवले आणि त्याच हजारोंना मोर्चात चालायला लावले.

भीमनगर मोहल्ल्यातला यम

आता आपल्या काळाकडे येऊ. शाहीर संभाजी भगत यांना कोण ओळखत नाही? साताऱ्याकडचे, पाचगणीच्या बाजूचे. शिकायला मुंबईत आले, वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात राहिले, आव्हान नाट्य मंचात विलास घोगरे यांच्यासोबत गायले. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसे मारली गेली, आणि त्यानंतर चार दिवसांनी, १५ जुलैला, विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. ज्या माणसाने असा सोबती गमावला त्याच्या आवाजात संताप असणारच. भगतांच्या आवाजात तो आहेच. पण त्यांनी संतापावर थांबायचे नाकारले.

२०१२ साली 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' रंगमंचावर आले. संकल्पना आणि संगीत संभाजी भगत यांचे, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. तांगडे जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ गावचे शेतकरी, आणि नाटकातली बरीच पोरेही त्याच मातीतली, शहरी नाट्यशाळेत न गेलेली. जांब समर्थ म्हणजे समर्थ रामदासांचे जन्मगाव. ज्या गावाचे नाव शिवरायांच्या गुरूच्या गोष्टीला जोडले गेले, त्याच गावच्या शेतकऱ्याने शिवरायांना त्या गोष्टीतून बाहेर काढावे, हाही एक विनोदच.

नाटकाची कल्पना अशी. यम शिवरायांना न्यायला येतो. महाराज जातात, पण विचार इथेच राहतो. आता यमाची पंचाईत. विचाराशिवाय शिवाजी नेऊन काय करणार? मग तो महाराजांचा जिरेटोप घेऊन तो विचार शोधत आजच्या महाराष्ट्रात फिरतो. कुणाच्या डोक्याला टोप बसतो ते बघत फिरतो. आणि इकडे भीमनगर मोहल्ल्यात शिवजयंतीला पोवाड्याची स्पर्धा लागलेली. एक फड तलवारीचा, द्वेषाचा शिवाजी गाणारा. दुसरा रयतेचा, शेतकऱ्याचा, अठरापगड जातींचा शिवाजी मांडणारा. सवाल-जवाब सुरू होतात आणि एकेक खोटा पदर सुटत जातो.

आम्ही काही जण तेव्हा शिकत होतो. आसनगावहून लोकल पकडून मुंबईत प्रयोग बघायला गेलो. नाट्यगृहात सगळ्या प्रकारचे लोक होते. आपले निळे बिल्ले लावलेले होते, तसे कपाळावर चंद्रकोर लावलेलेही होते. यम आला आणि दोन्हीकडचे हसले. जिरेटोपाच्या प्रसंगाला हसले. मग सवाल-जवाबात असा एक क्षण आला की शेजारचा चंद्रकोरवाला पोरगा हसता हसता थांबला आणि पुढे वाकून ऐकू लागला. नंतर त्याने टाळी वाजवली की नाही, ते आठवत नाही. तो ऐकत होता, एवढे पक्के आठवते. शेवटच्या कसारा लोकलमध्ये आम्ही त्याच्यावरच बोलत होतो. सभेत भाषण ठोकून आम्ही त्या पोराला पाच मिनिटे तरी बसवू शकलो असतो का?

विचार करा, शिवराय हा विषय किती नाजूक करून ठेवला आहे. एक शब्द इकडचा तिकडे झाला की तोडफोड. तिथे ही मंडळी शिवरायांवर हसली नाहीत. शिवरायांच्या नावाने दुकान मांडणाऱ्यांवर हसली. हा फरक त्यांनी एका क्षणासाठीही सुटू दिला नाही. जोतीरावांनी १८६९ साली शिवरायांचा पोवाडा लिहून त्यांना कुळवाड्यांचा राजा म्हणून मांडले, ते सूत्र इथे पुन्हा उभे राहिले. 'तृतीय रत्न'मधला विदूषक आता यमाच्या वेशात रेड्यावर बसून आला, एवढेच.

शिकागोपासून बीडपर्यंत

हे फक्त आपल्याकडेच घडले असेही नाही. अमेरिकेत डिक ग्रेगरी नावाचा काळा विनोदवीर होऊन गेला. १९६१ साली शिकागोच्या एका क्लबात तो गोऱ्या गिऱ्हाइकांसमोर उभा राहिला आणि वंशभेदावरच विनोद करू लागला. त्याच्या आधी काळ्या माणसाने गोऱ्यांना हसवायचे म्हणजे स्वतःच्या काळेपणाचे सोंग करायचे, अशी रीत होती. ग्रेगरीने ती मोडली. त्याने गोऱ्यांच्या कायद्याला हास्यास्पद केले. काळ्यांना दिल्या जाणाऱ्या शिवीलाच त्याने आपल्या आत्मचरित्राचे नाव केले. आणि तो नुसता हसवून पैसे मोजत बसला नाही. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या आंदोलनात तुरुंगातही गेला. ब्लॅक पँथरवरून १९७२ साली दलित पँथर उभी राहिली हे आपण अभिमानाने सांगतो. ग्रेगरीचे नावही त्याच यादीत असायला हवे.

आज आपल्या समाजातली तरुण मंडळी हातात माईक घेऊन उभी राहत आहेत. अंकुर तांगडे, मंजित सरकार, रवी गायकवाड, मनाल पाटील ही मंडळी 'ब्ल्यू मटेरियल' या नावाने एकत्र आली. कुणी बीडचे, कुणी थेट छत्तीसगडच्या बस्तरचे. स्टँडअप म्हणजे उच्चवर्णीय शहरी पोरांची मक्तेदारी, तिथे यांनी जात हा विषय उघड मांडला. आपल्यातले काही ज्येष्ठ म्हणतात, "हे काय, माईक घेऊन फाजीलपणा!" आम्ही त्यांना आदराने सांगू की काका, जलसा सुरू झाला तेव्हाही तमाशा कशाला, असे म्हणणारे असणारच. माध्यम फाजील नसते. तुम्ही कुणावर हसता त्यावर ते ठरते.

'हसून काय होते?'

एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. जमीन मिळत नाही, अत्याचाराच्या खटल्यात न्याय मिळत नाही, आणि तुम्ही हसवत बसा! आम्हांलाही वाटते की विनोदाने सातबारा बदलत नाही. पण जलसा एकटा कधीच नव्हता. जलशानंतर सभा होती, सभेनंतर सत्याग्रह होता. नांगराआधी जमिनीला पाणी लागते, तसे ते काम होते. नांगर धरायचा नसेल तर नुसते पाणी ओतून उपयोग नाही, हे खरेच. पण वाळलेल्या जमिनीत नांगर घालून आपले बैल किती वेळा बसले, तेही आठवा.

आणि विनोद, गाणे, डफ यांनी काहीच होत नसेल तर सत्तेला त्यांची भीती का वाटते? 'कोर्ट' चित्रपट पाहिला असेल. संगीत संभाजी भगतांचे, आणि शाहीर नारायण कांबळेच्या भूमिकेत आपले वीरा साथीदार. गटार साफ करणाऱ्या कामगाराला गाण्याने आत्महत्येला प्रवृत्त केले, असा आरोप त्या म्हाताऱ्या शाहिरावर ठेवला जातो. ऐकताना हसू येते. पण पडद्याबाहेर काय झाले? कबीर कला मंचाच्या शीतल साठे २०१३ साली तुरुंगात गेल्या. सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप यांना २०२० साली अटक झाली. वीरा साथीदार २०२१ साली कोरोनात गेले. शाहिराचे काम निरुपद्रवी असते तर एवढी यंत्रणा कामाला लागली नसती.

आपल्या दोन तालुक्यांत

म्हणून थोडा प्रयत्न आम्हीही केला. संविधान दिनाला मुरबाड तालुक्यातल्या एका गावात वीस मिनिटांची नाटिका केली. विषय सगळ्यांच्या ओळखीचा. नोकरी लागलेला मास्तर भाड्याने खोली बघायला जातो. घरमालक थेट जात विचारत नाही. आधी आडनाव विचारतो. आडनावावरून कळले नाही की गाव विचारतो, मग गावात घर कोणत्या बाजूला, मग घरात देव कोणते. शेवटी आमचा सोंगाड्या नळाखाली कान लावून बसतो. मालक विचारतो, "अरे, काय करतोस?" तो म्हणतो, "काका, पाण्याला आडनाव विचारतोय. न सांगता घरात शिरलंय."

लोक हसले. तिथे घरे भाड्याने देणारे एक गृहस्थ बसले होते. कार्यक्रमानंतर तणतणत आले, "हे तुम्ही माझ्यावर केलंत." आम्ही म्हणालो, "दादा, आम्ही कुणाचंच नाव घेतलं नाही." ते गेले. त्यांनी खोली दिली का? नाही दिली. त्यांचे मन पालटले अशी गोड गोष्ट आम्ही सांगणार नाही. पण त्यांना पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न स्वतःच्या कानांनी ऐकू आला. पुढच्या वेळी आडनाव विचारताना ते एकदा तरी अडखळतील. तेवढ्या अडखळण्यासाठी वीस मिनिटे खर्च करायला आमची तयारी आहे.

विषयांची वाण आहे का आपल्याकडे? तानसा आपल्या तालुक्यात, भातसा आपल्या तालुक्यात, मुंबई आपले पाणी पिते आणि आपल्या पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. जलवाहिनीच्या सावलीत रिकामा हंडा घेऊन सोंगाड्या उभा केला तर त्याला संवाद लिहून द्यायचीही फारशी गरज नाही. जयंतीच्या डीजेला जितके पैसे जातात त्याच्या निम्म्यात वर्षभर जलसा चालेल. डीजेवर नाचायला आमचा विरोध नाही. पोरांनी आनंद करावा. पण कान फुटेपर्यंत आवाज करूनही आपण कुणाला काहीच सांगितले नाही, तर तो आवाज वाया गेला.

आता सुरुवातीच्या मंडपाकडे परत येऊ. त्या दोन पोरांना आम्ही नंतर बाजूला बसवले. ओरडलो नाही. फक्त विचारले, "हीच नक्कल तुझ्या आजोबांची कुणी केली असती तर?" एक जण गप्प बसला. दुसरा म्हणाला, "पण सर, सगळे हसले ना!" त्याचे उत्तर महत्त्वाचे आहे. सगळे हसले, हा विनोद चांगला असल्याचा पुरावा नाही. पाटलाच्या वाड्यासमोरही सगळे हसतच होते. कातकरी समाज शासनाच्या यादीत अतिमागास आदिम जमात आहे. उचल घेऊन वीटभट्टीवर सहा-सहा महिने राबतो, मालकाचा हिशोब कधीच संपत नाही. त्याला पैसे मोजता येत नाहीत, हा विनोद नाही. त्याचे पैसे चुकीचे मोजणारा भट्टीमालक हा विनोदाचा विषय आहे.

तसेच सुचवले. बाटली टाक, वही घे. तू कातकरी होऊ नकोस, मुकादम हो. आणि तो हिशोब करून दाखव, ज्यात उचल दर आठवड्याला वाढत जाते आणि विटा मात्र कमी भरतात. पोराने जागेवरच करून दाखवला. दोन अधिक दोन बरोबर उचल! आम्ही हसलो, आणि यावेळी हसताना लाज वाटली नाही.

यंदाच्या जयंतीला तो मुकादम उभा राहणार आहे. तालमीला भट्टीवरच्या एका कातकरी ताईंना बोलावले आहे, कारण मुकादम कसा बोलतो हे तिच्याइतके आपल्याला कुणालाच ठाऊक नाही. ती आली तर सांगणारी ती असेल आणि शिकणारे आपण. आपापल्या गावात असे काही करणार असाल तर आम्हांला हाक मारा. ढोलकी आमच्याकडे आहे.

जयभीम.